साक्षीची कडी

मी नोकरीत काय करत होते, हे माझ्या सुनेला अजून नीट सांगता येत नाही. "आई कॉम्प्युटरमध्ये होत्या," असं ती पाहुण्यांना सांगते आणि पाहुणे माझ्या नऊवारीकडे बघून चहाचा घोट घेतात. खरं सांगायचं तर मी ओवायची. कॉम्प्युटरची आठवण मी या दोन हातांनी सुईनं ओवलेली आहे.

समजावून सांगते. सत्तरच्या दशकात कॉम्प्युटरची आठवण म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांची जाळी असायची. दोन तारा जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं एक काळी कडी, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. कडीतलं चुंबकत्व एका बाजूला फिरलं की एक, दुसऱ्या बाजूला फिरलं की शून्य. अशा आठ कड्या मिळून एक अक्षर व्हायचं. पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात आम्ही दहा-बारा बायका भिंगाखाली मान घालून या कड्या ओवत असू. मी वडूजची. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की दुष्काळी मुलखातल्या माणसाला दाणा दाणा वेचायची सवय असते, म्हणून मला हे जमलं. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

या कडीचा एक गुण आजच्या यंत्रांत नाही. आता बटण बंद केलं की यंत्र डोक्यातलं काम विसरतं. आमची कडी विसरत नसे. जाळी उपटून काढा, खोक्यात भरा, पाच वर्षं माळ्यावर टाकून द्या. शेवटचं जे तिला सांगितलेलं असतं, ते तिच्यात तसंच असतं. हे मी पूर्वी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगत असे. पुढचा प्रसंग घडला त्यानंतर सांगायचं सोडलं.

हात बसल्यावर मला दुरुस्तीच्या फिरतीवर पाठवू लागले. सातारा आणि सांगली हे आमचे जिल्हे. बरोबर देवधर नावाचे इंजिनिअर असत. ते विजेचं बघत, मी जाळीचं. जाईन तिथं मला त्यांची बायको समजत. "वहिनी, तुम्ही आत बसा, चहा पाठवतो," असं म्हणत. मी पिशवीतून भिंग काढलं की चहा देवधरांकडे जाई. साताऱ्यातल्या एका कचेरीत दसऱ्यानंतर यंत्र बेरजा चुकायला लागलं म्हणून तार आली. उघडून बघते तर आत सगळं लाल. खंडेनवमीला लोकांनी यंत्राची पूजा केली होती आणि पंखा चालू असताना मूठभर कुंकू वाहिलं होतं. दोन दिवस मी कुंचल्यानं एकेक कडी झाडत बसले. हेडक्लार्क शेजारी उभे राहून म्हणाले, "बाई, सगळं काढू नका, थोडं राहू द्या." मीही एका कोपऱ्यात चिमूटभर ठेवलं. यंत्र पुढं नीट चाललं, त्याचं श्रेय कुणाचं ते देवाला ठाऊक.

आता मुख्य गोष्ट. शिराळ्यापासून एस.टी.नं तासाभरावर एक साखर कारखाना होता. नाव सांगत नाही. तिथं टेबलाएवढा एक जुना कॉम्प्युटर होता, टेबलातच बसवलेला, आणि छापायला जोडलेला टाइपरायटर. उसाच्या नोंदी ठेवायच्या आणि कुणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. सभासद वाढले, आठवण पुरेना. म्हणून तिच्या शेजारी तेवढीच दुसरी जाळी बसवायची ठरलं. नवी जाळी परवडणारी नव्हती. पुण्यात एक केंद्र होतं, तिथं पूर्वी भाड्यानं यंत्र वापरून अनेक कारखाने याद्या करून घेत. हा कारखानाही त्यातलाच. ते केंद्र मधेच बंद पडलं होतं आणि त्याचं सामान विकायला निघालं होतं. तिथली एक जाळी गवतात गुंडाळून लाकडी खोक्यातून आमच्याकडे आली.

श्रावण होता. गळीत बंद, चिमणीला धूर नाही. एवढा मोठा कारखाना गप्प असला की चालताना आपल्याच चपलेचा आवाज मागून येतो. उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या पट्ट्याखाली पाणी साचलेलं, आणि रखवालदार सापाचं नाव न घेता बजावत असे, "बाई, बगून पाय टाका, जनावरं हैत." देवधर एका जळलेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी सांगलीला गेले होते. खोलीत मी आणि शेवंता.

शेवंता तिथं टेप पाडायची, म्हणजे कागदी पट्टीवर भोकं पाडून यंत्राला नोंदी खायला घालायची. मॅट्रिक झालेली, सासर शिराळ्याचं, नवरा त्याच कारखान्यात फिटर. तिशीची असेल. बोलायला लागली की ऐकत राहावं अशी, पण त्या दिवशी गप्प होती. दुपारी आम्ही डबे उघडले. ती भाकरीचा तुकडा हातात घेऊन नुसती बसली.

"खा की," मी म्हटलं.

"खाते. आज नागचवथ हाय न्हवं बाई. भावाचा उपास. ह्या वरसापासनं सोडला."

माझा भाऊ वडूजला ठणठणीत आहे आणि त्याच्यासाठी मी कधी उपास केलेला आठवत नाही. पण आमच्याकडच्या बायका नागचतुर्थीचा उपास भाऊ जिवंत असेपर्यंत सोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

तिचा भाऊ सदाशिव मिल्ट्रीत होता. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. तार आली ती बेपत्ता म्हणूनच. मेला असं कुणी म्हणालं नाही आणि जिवंत आहे असंही नाही. नदीकाठच्या त्यांच्या गावात बाप होता, तो दोन-तीन वर्षांनी गेला. आता आई एकटी होती. डोळ्यांनी अधू, शेजारीण भाकरी देई. सात वर्षं खबर नसली की कायद्यानं माणूस मेलेला धरतात. तसं झालं तर आईला पेन्शन सुरू होणार होती. त्यासाठी शेवंतानं सोमवारी तहसिलीत शपथेवर लिहून द्यायचं होतं की लढाईनंतर भावाची काहीही खबर आम्हाला मिळाली नाही.

"सासूबाई म्हणाल्या, सही करायची तर उपास कशापायी? दोनातलं एक कायतरी कर," शेवंता म्हणाली आणि तिनं तुकडा तोंडात घातला.

जेवण आटपून मी जाळी जोडली. आमची एक रीत होती. जुनी जाळी बसवली की ती पुसायच्या आधी वाचून बघायची. आत जे असेल ते टाइपरायटरवर छापायचं. अक्षरं लावून वाचता आली तर तारा शाबूत आहेत असं समजायचं, मग सगळं पुसून कामाला घ्यायचं. मी कळ दाबली.

आधी नुसता कचरा आला. आकडे, टिंबं. मग टाइपरायटर जरा थांबला आणि त्यानं एक नाव मारलं, आणि त्याखाली दुसरं. गाव, गट, लागणीचा महिना. शेवंता वाकून बघू लागली.

"बाई, ही आमचीच यादी हाय. आमच्या गावाकडची."

केंद्र बंद पडलं तेव्हा याच कारखान्याची यादी अर्धवट राहिली असणार. पाच वर्षं ती त्या काळ्या कड्यांत बसून होती. शेवंता मोठ्यानं वाचू लागली. "ह्यो गेला. ह्यो बी गेला, गेल्या साली, पोटाच्या दुखण्यानं. ही शांताकाकू, विहिरीत…" यंत्र एका लयीत नावं मारत होतं आणि ती त्याच लयीत 'गेला', 'गेली' म्हणत होती. भर दुपारी, लख्ख उजेडात माझ्या अंगावर काटा आला. मी यंत्र बंद करायला हात पुढं केला तेवढ्यात ती बोलायची थांबली.

कागदावर आलं होतं, सदाशिव ज्ञानू. गाव तिचं. आडसाली लागण. महिना आषाढ, लढाई होऊन दीड वर्ष झाल्यावरचा. आणि ओळीच्या शेवटी आकडा, एक.

तो आकडा काय ते मला ठाऊक नव्हतं. शेवंताला होतं. रोज तीच ते पाडायची. नोंद द्यायला कोण हजर होतं त्याची ती खूण. घरचं दुसरं कुणी आलं तर दोन, वाटेकरी आला तर तीन.

"आणि एक?"

"एक म्हंजी सोता. सोता येऊन सही केली."

टाइपरायटर पुढची नावं मारत राहिला. आम्ही दोघी त्या एका ओळीकडे बघत होतो. मी जाळीचं झाकण उघडून भिंग लावलं. का लावलं ते सांगता येणार नाही. कड्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या, काळ्या आणि गप्प. कुठल्या कड्यांत तो होता ते कुणालाही कळलं नसतं.

शेवंतानं उरलेली भाकरी डब्यात ठेवून झाकण लावलं. "आता मी सही कशी करू बाई?" ती म्हणाली. मग आपणच म्हणाली, "त्या टायमाला आमच्या गावचे चिटबॉय बंडूनाना हुते. नोंदी त्येच घ्यायचे. आता घरीच असत्यात."

"मी चौकशी करते," मी म्हटलं. "तोवर कुणाला बोलू नकोस." छापलेला कागद मी खणात ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. कारखान्याच्या कचेरीला सुटी, आणि त्या दिवशी काही खणायचं नाही, चिरायचं नाही, त्यामुळे शिवारातही माणूस नाही. मी एस.टी. धरून त्या गावी गेले. झाडांना झोके बांधले होते. बंडूनाना ओट्यावर बसले होते, जणू माझीच वाट बघत होते. मी ओळख दिली आणि सरळ विचारलं, सदाशिव ज्ञानूची नोंद कुणी दिली होती?

म्हाताऱ्यानं आधी पानाची पिंक टाकली.

"तवा मी ह्या गावात नवा हुतो, पोरी. कोण मिल्ट्रीत, कोण बेपत्ता, मला कुठलं ठावं? सांजच्याला एक तरणा गडी आला. म्हणाला, नोंद घ्या. नाव सांगितलं, सही केली. डावा पाय ओढत हुता. न् नदीच्या अंगानं निघून गेला."

"कसा होता दिसायला?"

"अंधारून आलं हुतं. पाऊस लागला हुता दिसभर, गुडघाभर चिखल. पर एक सांगतो. पायात मिल्ट्रीचं बूट हुतं, आन् त्ये कोरडं हुतं."

म्हातारी माणसं गोष्टीला तिखटमीठ लावतात. मी स्वतःला तसंच सांगितलं.

"दुसऱ्या दिशी त्येचा बाप आला," नाना पुढं म्हणाले. "ज्ञानू. उभ्या उभ्या म्हणाला, नाना, काल कुणी आलं न्हवतं. मी म्हटलं, बरं. पर नोंद वर गेली हुती."

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणी इचारलंच न्हाई. आन् सांगून काय? जिता हाय म्हटलं तर मिल्ट्रीवाले भगोडा म्हणतील. म्हातारीच्या दारात पोलीस हुबा ऱ्हाईल. न्हाई म्हटलं तर मग मी सही कुणाची घेतली?"

"ते रजिस्टर कुठं आहे?"

"वाळवीनं खाल्लं."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून विचार करत होते. रजिस्टर नाही, बाप नाही. या जगात तो माणूस लढाईनंतर एकदा आला होता याचा पुरावा म्हणजे माझ्या जाळीतल्या मूठभर कड्या आणि खणातला एक कागद. जाळी तर मला पुसायचीच होती. शेवंताला खरं सांगितलं तर ती सही करणार नाही, आणि आई अशीच शेजारणीच्या भाकरीवर जाईल. किंवा ती खरं घेऊन तहसिलीत जाईल, आणि मग नाना म्हणाले तसं होईल. मी ठरवलं. माझ्याकडे कुणी निर्णय मागितला नव्हता, तरी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जाळी पुसली. सगळ्या कड्यांत आधी शून्य, मग एक, मग पुन्हा शून्य. डोळ्याची पापणी लवावी एवढा वेळ लागतो. मग शेवंताला बोलावून समोर बसवलं.

"जुनी जाळी आहे," मी म्हटलं. "खोक्यात हादरे बसले. तीन आणि एक या आकड्यांत एकाच कडीचा फरक असतो. ती एक कडी उलटली की तिनाचा एक दिसतो. तुमचा वाटेकरी आला असेल. तो आकडा खरा नव्हता."

यातलं एका कडीच्या फरकाचं खरं आहे, कुणालाही विचारा. पण एक गोष्ट मी सांगितली नाही. प्रत्येक अक्षरामागे एक जादा कडी असते. तिला आम्ही साक्षीची कडी म्हणायचो. अक्षराच्या कड्यांपैकी एक जरी उलटली तरी साक्षीची कडी जुळत नाही, यंत्र जागच्या जागी थांबतं आणि समोरचा लाल दिवा लागतो. सदाशिव ज्ञानूच्या ओळीवर यंत्र थांबलं नव्हतं. कड्यांनी पाच वर्षं जे सांभाळलं ते बरोबर सांभाळलं होतं. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी माणसांशी पुष्कळदा खोटं बोलले, उद्या येते, परवा येते. यंत्राबद्दल मात्र तेवढं एकदाच.

शेवंतानं ऐकून घेतलं. "नाना काय म्हणाले?"

"त्यांना काही आठवत नाही."

"बरं," ती म्हणाली. मी खणातला कागद काढून चार तुकडे केले, तेही तिनं बघितलं. सोमवारी तिनं तहसिलीत सही केली. दिवाळीच्या सुमारास आईची पेन्शन सुरू झाल्याचं देवधरांच्या तोंडून कळलं. वाढवलेली आठवण उत्तम चालली. त्या हंगामात तोडणीची यादी वेळेवर निघाली आणि चेअरमननी देवधरांना आणि मला नारळ दिले. मला त्या नारळाची लाज वाटली. वडूजला नेऊन देवळात ठेवला.

पुढच्या श्रावणात मी पुन्हा तिथं गेले, नेहमीच्या तपासणीला. शेवंता आधीपेक्षा वाळली होती. चहा झाल्यावर म्हणाली, "बंडूनाना गेले, कळलं का? उन्हाळ्यात."

"चांगला माणूस होता," मी म्हटलं.

"व्हय. तुमी गेला हुता न्हवं त्यांच्याकडं पंचमीला. तुमच्या आदल्या दिशी सांजच्याला मी जाऊन आले हुते."

मी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"त्येनी मला समदं सांगितलं," ती शांतपणे म्हणाली. "पाय ओढत हुता, बूट कोरडं हुतं, समदं. सदाचा डावा पाय ल्हानपणी मोडला हुता, बाई, दमला की ओढायचा. गावात कुणालाबी ठावं हाय. मग मी म्हटलं, नाना, उद्या बाई येतील. त्यास्नीबी असंच सांगा. बगू त्या काय करत्यात."

"म्हणजे तुला…"

"मला एकटीला ठरवता येत न्हवतं. भाऊ ठेवायचा का आई, ह्ये मी कसं ठरवू? तुमी शिकल्या-सवरल्या. तुमी ठरवलंसा."

इतके महिने मी समजत होते की मी तिच्यावर दया केली. ती तर सगळं जाणून माझ्यासमोर बसली होती आणि माझं ते कडीचं पुराण तिनं एका शब्दानं न अडवता ऐकून घेतलं होतं. मी विचारलं, "माझा राग आला असेल तुला."

तिनं मान हलवली. "सहीचा न्हाई. आई सुखानं जेवती. पर पुसायच्या आदी मला हाक मारायची हुती, बाई. माणूस न्यायच्या आदी घरच्यास्नी तोंड दावत्यात."

ती त्या सकाळी शेजारच्याच खोलीत टेप पाडत होती. मधलं दार उघडं होतं.